लंगडं पिल्लू, बोरचं पाणी

सोमवारी पुढचा उजवा पाय. पंधरा दिवसांनी मागचा डावा. मधले चार-पाच दिवस असे, की हे पिल्लू कधी लंगडत होतं यावर कुणाचा विश्वास बसू नये. कडोदऱ्याहून आतेभावाचा फोन आला तेव्हा एवढं सांगून त्याने विचारलं, "एकच कुत्रं पाय बदलून बदलून लंगडतं का रे? नाटक तर करत नाही ना?"

नाटक नव्हतं. उलट या दुखण्याची सगळ्यात मोठी खूण त्याने नकळत सांगून टाकली होती.

पिल्लू सात महिन्यांचं, जर्मन शेफर्ड. कडोदऱ्यात त्याला सगळे अल्सेशियन म्हणतात, आपल्याकडे धुळ्या-जळगावातही तेच. हे नाव पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. तेव्हा जर्मन म्हटलं की इंग्रजांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून तिथल्या केनेल क्लबने या कुत्र्याला आल्सास प्रांताचं नाव चिकटवलं. 1977 मध्ये त्यांनी मूळ नाव परत दिलं. आपण मात्र अजून अल्सेशियनच पाळतो.

कडोदरा म्हणजे सुरतेबाहेरचं, पलसाणा तालुक्यातलं गाव. आता गाव म्हणायचं ते सवयीने. मुंबई-दिल्ली महामार्ग इथूनच जातो, धुळे-नवापूरकडून येणारी वाहतूक इथेच येऊन मिळते आणि शेजारचं चलथाण हे उधना-जळगाव लाइनवरचं स्टेशन. त्यामुळे खानदेशातून लूमच्या कामाला निघालेल्या माणसाला हा भाग परका वाटत नाही. आतेभाऊ वीस वर्षांपूर्वी असाच शिंदखेड्याकडून आला, काही वर्षं खात्यावर, म्हणजे कारखान्यात, लूम चालवले, आता सुताच्या गोडाऊनचा हिशेब सांभाळतो. गोडाऊनला राखण हवी म्हणून शेठने पिल्लू आणलं. शेठची हौस दोन दिवसांची, सांभाळायचं आलं आतेभावाकडे.

पिल्लू लंगडायला लागल्यावर चाळीतल्या प्रत्येकाने आपापलं निदान केलं. काटा रुतला असेल. साखळीला हिसका बसला असेल. कुणी मोहरीचं तेल चोळून दिलं. आत्याने "याले काय व्हयनं?" म्हणत आधी दृष्ट काढली आणि मग हळदीचा लेप लावला. मेडिकलवाल्याने कॅल्शियमचं सिरप दिलं आणि दूध वाढवायला सांगितलं. या सगळ्यांत दृष्ट काढणं सर्वांत निरुपद्रवी होतं. कॅल्शियमबद्दल तसं म्हणता येत नाही, त्याकडे येतोच.

या दुखण्याचं नाव पॅनोस्टिआयटिस. बोलीत त्याला वाढीची कळ म्हणता येईल. ते साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या, मोठ्या चणीच्या पिल्लांना होतं, माद्यांपेक्षा नरांना जास्त, आणि जर्मन शेफर्डला सगळ्यांत जास्त. हे पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि वर्षभरात तीस किलोकडे जातं. माणसाचं मूल या वेगाने वाढलं असतं तर पहिल्या वाढदिवसाला त्याला उचलायला क्रेन लागली असती.

दुखतं ते सांध्यात नाही, हे आधी लक्षात घ्यायचं. दुखतं लांब हाडांच्या मधल्या दांड्यात: मांडीचं हाड, दंडाचं हाड आणि पुढच्या पायाच्या कोपराखालची दोन हाडं, त्यांतही अल्ना नावाचं. हाडाच्या आतली पोकळी चरबीसारख्या मज्जेने भरलेली असते. या दुखण्यात त्या मज्जेच्या जागी तंतू आणि नवं, कोवळं हाड तयार होऊ लागतं. हाडाच्या आत रक्तवाहिनी शिरते त्या छिद्राजवळ ही गडबड बहुधा सुरू होते. आतला दाब वाढतो, हाडाच्या वरच्या पापुद्र्याला ताण बसतो आणि पिल्लू पाय उचलून धरतं. काही आठवड्यांनी शरीर स्वतःच आतला पसारा आवरतं, पोकळी पुन्हा मोकळी होते. तोवर दुसऱ्या पायात सुरू झालेलं असतं. पाय बदलतो तो यामुळे.

एक्स-रेत अशा हाडाच्या पोकळीत धुकं पसरल्यासारखे पांढुरके डाग दिसतात. पहिल्या काही दिवसांत मात्र एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून जाणता पशुवैद्य आधी बोटं वापरतो. सांधा वाकवून बघतो, पिल्लू गप्प. मग हाडाच्या मधोमध दाबतो, पिल्लू किंचाळतं. मी आतेभावाला हे घरी करून बघू नकोस असं बजावलं. दुखणाऱ्या हाडावर बोट ठेवणाऱ्याला तीन महिन्यांची ओळख असलेला कुत्राही चावतो. नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कडोदऱ्याहून तासाभराचा रस्ता. तिकडे जायला सांगितलं आणि तो गेला.

जायचं आणखी एका कारणासाठी होतं. आपल्या हवेत लंगडणाऱ्या पिल्लाला ताप असेल, ते खात नसेल, तर वाढीची कळ म्हणून गप्प बसणं धोक्याचं. गोचिडामुळे होणारा एर्लिकिओसिस हा ताप असाच दिसतो: अंग गरम, सांधे धरलेले, कधी या पायाने लंगडणं, कधी त्या. वाढीच्या कळेतही थोडा ताप येतो, त्यामुळे नुसत्या नजरेने फरक कळत नाही, रक्त तपासावं लागतं. लंगडणं एकाच पायात आठवडेच्या आठवडे राहिलं तर संशय कोपराच्या किंवा खुब्याच्या सांध्यावर जातो, आणि ते दुखणं आपोआप बरं होणारं नाही. आमच्या पिल्लाचं रक्त स्वच्छ निघालं, अल्नावर धुकं सापडलं.

आता कॅल्शियम. हाड दुखतंय म्हणजे हाडाला कमी पडतंय, हा तर्क इतका सरळ आहे की त्याला विरोध करायचं जिवावर येतं. पण मोठ्या कुत्र्याच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येतं, लहान पिल्लाच्या आतड्याला ते फारसं जमत नाही. खाण्यात येईल त्याचा मोठा हिस्सा ते आत घेत राहतं. हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठात हर्मन हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांना मुद्दाम जास्त कॅल्शियम देऊन पाहिलं, तेव्हा त्या पिल्लांची हाडं मजबूत होण्याऐवजी त्यांची घडण बिघडली. हाड वाढतं म्हणजे नुसतं रचलं जात नाही, आतून कोरलंही जातं. कॅल्शियमचा पूर आला की कोरण्याचं काम मंदावतं आणि रक्तवाहिन्यांच्या वाटा अरुंद राहतात. वाढीच्या कळेचं एकमेव कारण हेच, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लाला वरून सिरप पाजायचं नाही, यावर जाणकारांचं एकमत आहे.

आणि कमी खाऊ घालायचं. इथे आतेभावाचा आवाज चढला. "वाढत्या पोराला अर्धपोटी ठेवू? आई मला घराबाहेर काढील." मी त्याला लॅब्रेडॉरांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत 48 पिल्लांच्या 24 जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला भरपूर, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा चौथा हिस्सा कमी खायला घातलं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचे खुबे जास्त चांगले राहिले आणि ते सरासरी 13 वर्षं जगले, भरपूर खाणारे 11 वर्षांच्या जरा पुढे. हे निकाल 2002 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. आत्याला यातलं काही पटलं नाही. ती म्हणाली, अमेरिकेतल्या कुत्र्यांना भाकरी कुठे मिळते.

औषधाबद्दल एकच सांगतो, पण ते जोर देऊन. घरातली आपली वेदनाशामक गोळी कुत्र्याला द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉल यकृतावर उठतं. याच डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं संपत आणली, औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणसांच्या मेडिकलमध्ये ते अर्थात मिळतंच. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, वजन पाहून मोजून द्यायची, आणि ती पशुवैद्यानेच लिहून द्यायची.

नवसारीहून परतताना सल्ला मिळाला तो असा: गोळ्या पाच दिवस, विश्रांती, उड्या नकोत, जिने नकोत. जिन्यांचं तर नॉर्वेतल्या एका पाहणीतही दिसलं आहे. मोठ्या जातींची जी पिल्लं तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढली-उतरली त्यांच्यात खुब्याचा दोष जास्त निघाला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी हुंदडलेल्यांत कमी. कडोदऱ्याच्या गोडाऊनपाशी मऊ जमीन कुठून आणायची? पुढे काँक्रीट, मागे ट्रकांचा तळ. विश्रांतीचा तिथला अर्थ एकच, साखळी.

सात महिन्यांचं पिल्लू साखळीला तीन आठवडे बांधलं की काय होतं ते आतेभावाने चौथ्या दिवशीच कळवलं. सुताचे दोन कोन फाडले, रात्रभर भुंकलं, आणि कळ नसलेल्या वेळी साखळीला इतके हिसके दिले की मानेची कातडी सोलली. शिवाय मांडीचे स्नायू ओसरायला लागतात, हे डोळ्यांना दिसायला थोडा वेळ लागतो. हाडाची कळ ओसरेल, पण तोवर हाड सांभाळणारे स्नायू सैल पडले तर पुढे सांध्यांवर येतं. मधला मार्ग पाण्यात आहे.

पाण्यात उतरलं की वजन कमी लागतं, हे विहिरीत पोहणं शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. किती कमी, ते कुत्र्यांवर मोजलेलं आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत पाणी असेल तर पायांवर 91 टक्के भार राहतो. गुडघ्यापर्यंत असेल तर 85. खुब्यापर्यंत आलं की एकदम 38. कुत्र्याचा घोटा म्हणजे मागच्या पायाचा तो उलटा वाकल्यासारखा दिसणारा कोपरा. आपण त्यालाच गुडघा समजतो, आणि तिथेच फसतो. आंघोळीच्या टबात कुत्रं उभं केलं आणि पाणी त्या कोपऱ्याशी लागलं, की माणसाला वाटतं, झाला उपचार. झालेलं काहीच नसतं, पायांवरच्या भाराचा दहावा हिस्सासुद्धा उतरलेला नसतो. पंचवीस किलोच्या पिल्लाला साडेनऊ किलोचं करायचं तर पाणी खुब्याशी हवं, म्हणजे या वयाच्या शेफर्डला दीड-पावणेदोन फुटांहून खोल.

दुसरी गंमत पाण्याच्या जडपणाची. पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट. पाय हळू हलवला तर ते हळूच अडवतं, जोरात हलवला तर जोरात. म्हणजे पिल्लाने स्वतःहून कमी केलं की काम कमी होतं, कुणाला काटा फिरवावा लागत नाही. चोहीकडून येणारा पाण्याचा दाब सूज थोडी आवरतो, कोमट पाणी आखडलेले स्नायू सोडवतं. पाण्याने हाडाच्या आतलं धुकं विरत नाही. ते त्याच्या वेळेनेच विरतं. पाणी फक्त तेवढे आठवडे पिल्लाला साखळीबाहेर काढतं.

कडोदऱ्याच्या आसपास पाणी पुष्कळ. प्रश्न आहे कुठल्या पाण्यात उतरवायचं हा, आणि आतेभावाची पहिली धाव, अपेक्षेप्रमाणे, कालव्याकडे होती. काकरापारच्या डाव्या कालव्याचं जाळं या भागात पसरलेलं आहे, पाणी तापीचं, म्हणजे गिरणा-पांझरेचंही. आपलंच पाणी, असं त्याला वाटलं तर नवल नाही. पण कालव्याच्या काँक्रीटच्या उतरत्या भिंतीवर कुत्र्याचे पंजे ठरत नाहीत. धारेत गेलेलं पिल्लू काठाशी येऊनही वर चढू शकत नाही. खाडीचं नाव तर त्यानेही काढलं नाही. रंगाई-छपाईच्या मिलांच्या पट्ट्यात खाडीचं पाणी कुठल्या रंगाचं दिसेल ते त्या दिवशीच्या साड्यांवर ठरतं.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. दक्षिण गुजरातचा हा भाग, सुरत, नवसारी, वलसाड, लेप्टोस्पायरोसिससाठी बदनाम आहे. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून हे जिवाणू उसाच्या, भाताच्या साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या चिरेतून, भेगेतून शरीरात शिरतात. दर पावसाळ्यात शेतमजूर आजारी पडतात, काही दगावतात. त्यांना बचावासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात, आणि तेच औषध गोचिडाच्या तापात कुत्र्यालाही देतात. कुत्र्याला लेप्टो होतो तेव्हा यकृत आणि मूत्रपिंडं जातात, शिवाय त्याच्या मूत्रातून तो घरच्यांना लागू शकतो. लस आहे, पिल्लाला दोन डोस आणि मग दरवर्षी. पण ती लेप्टोच्या सगळ्याच प्रकारांना अडवत नाही. म्हणून लस दिलेल्या पिल्लालाही उसाच्या सरीत साचलेलं पाणी वर्ज्य.

शेवटी सापडली ती बोरची कुंडी. चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस घालणारा एक ओळखीचा शेतकरी, त्याच्या बोरचं पाणी आधी एका पक्क्या हौदात पडतं आणि तिथून पाटाला जातं. कंबरेइतकी भिंत, आत पिल्लाच्या खुब्यापर्यंत येईल एवढं पाणी, मोटर चालू असताना सतत बदलणारं. बोरच्या पाण्याला एक गुण आहे जो विकतच्या कुठल्याही टबाला नाही. जमिनीखालचं पाणी त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं गरम असतं, इकडे 27-28 अंशांच्या घरात. थंडीत कोमट, उन्हाळ्यात गार. कुत्र्यांच्या जलोपचारात साधारण याच्या थोडं वरचंच पाणी वापरतात. उलट गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी एप्रिलमध्ये हाताला चटका देतं. ते आधी कोपर बुडवून बघितल्याशिवाय पिल्लावर ओतायचं नाही, हे आतेभावाला सांगावं लागलं, कारण त्याने एकदा ओतलं होतं.

कळ पेटलेली असताना पाणीही नको. पहिले दिवस नुसती विश्रांती आणि गोळ्या. पाय टेकवायला लागलं, नेहमीसारखं खायला लागलं, की मग पशुवैद्याला विचारून सुरुवात. आतेभावाने कुंडीच्या तळाशी जुनं रबरी मॅट दाबलं, कारण शेवाळावर पाय घसरला तर बरं होत आलेलं सगळं बिघडतं. एका कोपऱ्यात विटा रचून त्यावर गोणपाट बांधून उतरण केली. पिल्लाला छातीभोवतीचा पट्टा घातला, गळ्यातला नाही. पाण्यात फेकायचं नाही, ही गोष्ट मी दोनदा सांगितली. कुत्र्याला जन्मतः पोहता येतं ही ऐकीव गोष्ट, आणि भेदरलेलं पिल्लू एकदा पाण्यात गेलं की पुन्हा पाण्याजवळ येत नाही. आधी तो स्वतः कुंडीत उतरला, मागून खाऊच्या आशेने पिल्लू.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं, तीही एकाच जागी. नंतर भिंतीच्या कडेने फेरी, थांबणं, पुन्हा फेरी. आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू पाच-सात मिनिटांपर्यंत. पोहण्यापेक्षा चालण्यावर भर दिला त्यालाही कारण आहे. कुत्रं पोहताना मुख्य जोर पुढच्या पायांनी मारतं, आणि आमचं दुखणं पुढच्या अल्नातच होतं. पाण्यात चालताना चारही पायांना वाटा मिळतो. जेवणानंतर दोन तास थांबायचं. चेंडू फेकून तोंडाने पाणी गिळायला लावायचं नाही, फार पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ घटून कुत्रं बेशुद्धसुद्धा पडू शकतं. धाप लागली, कान मागे गेले, काठाकडे बघायला लागलं, की बाहेर. बाहेर आल्यावर कान कोरडे करायचे, पोटाखालचं आणि पायाच्या बोटांमधलं पुसायचं. दमट हवेत ओल्या केसांखाली दोन दिवसांत कातडी खराब होते.

दुसऱ्या दिवशी जास्त लंगडलं तर काल जास्त झालं, एवढाच हिशेब. तसं एकदा झालं. आतेभावाच्या मुलाने हौसेने पंधरा मिनिटं खेळवलं होतं. त्यानंतर चार दिवस पाणी बंद आणि आत्याची बोलणी चालू.

मार्चमध्ये मी स्वतः गेलो तेव्हा पिल्लू मागच्या उजव्या पायाने जरासं लंगडत होतं, म्हणजे फेरी अजून संपलेली नव्हती. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत ती अधूनमधून येत राहू शकते, बहुतेक वेळा पुढची आधीपेक्षा सौम्य. पण पाटाच्या वाटेला लागलो तशी त्याने चाल बदलली. कुंडी दिसल्यावर ते थांबलं, मागे आतेभावाकडे बघितलं आणि स्वतःच विटांच्या उतरणीवरून खाली गेलं. खुब्यापर्यंत पाण्यात चार पाय रोवून उभं राहिलं, आणि जमिनीवर उचलून धरलेला तो पाय पाण्यात टेकवला.

आता प्रश्न पावसाळ्याचा आहे. पाऊस लागला की मोटर बंद राहणार, कुंडीत पाणी साचणार आणि उसातले उंदीर रात्री तिच्या काठावर येणार. आतेभाऊ विचारतो, वरून पत्रा टाकून भागेल, की कुंडी पार रिकामी करून चार महिने पिल्लाला पाणी विसरायला लावायचं. मी त्याला रिकामी करायला सांगितलं आहे. तो अजून पत्र्याचे भाव काढतोय.